ओल कुठे जाऊन बसते

मार्चच्या दुपारी पेडण्याच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभं राहिलं तर आपण गोव्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. पायाखाली तापलेला काळपट जांभा, भेगांमधून करकरीत वाळलेलं गवत, मधेच एखादं करवंदाचं जाळं, सावली म्हणून काही नाही. तिथून कडेला जाऊन खाली बघितलं की माडांचे आणि पोफळींचे शेंडे दिसतात, हिरवेगार, जणू उन्हाळा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. उभं अंतर फार नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता, ऊनही जवळपास सारखंच. तरी एकीकडे ऑक्टोबर संपता संपता माती कोरडी होते आणि दुसरीकडे मे महिन्यातही पायाला गारवा लागतो. हे असं का, याचा विचार मी लहानपणापासून करत आलेय, आणि जितकं वाचते, बघते, तितकं मला वाटतं की आपण पावसाचं कौतुक जास्त करतो आणि जमिनीच्या आकाराकडे बघतच नाही.

कोरडा प्रदेश म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे माणदेश येतो, मराठवाडा येतो, गोवा येत नाही. पणजीला वर्षाला साधारण २९०० मिलिमीटर पाऊस, मग कसला कोरडा. पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने झाडाझुडपांना जमिनीत उरलेल्या ओलीवरच काढावे लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष आपण कोरड्या प्रदेशातच राहतो. आणि त्या आठ महिन्यांत कोण हिरवं राहणार आणि कोण सुकणार हे पावसाने ठरवलेलं नसतं, चढ-उताराने ठरवलेलं असतं.

आकाराचं काम समजायला मी एवढंच डोळ्यांपुढे आणते, पालथी वाटी आणि उताणी वाटी. डोंगराची सोंड, टेकाडाचा माथा, सड्याची फुगीर कड ही पालथ्या वाटीसारखी, तिथे पडलेलं पाणी चारी दिशांना पांगतं, वरून येणारं तर काहीच नसतं. दोन सोंडांच्या मधली खोबण, जिथून पावसाळ्यात व्हाळ सुरू होतो, ती उताणी वाटी, तिथे स्वतःवर पडलेला पाऊस असतोच, वर दोन्ही बाजूंनी ओघळून आलेलंही असतं. आणि नुसतं पाणीच येतं असं नाही. पाण्याबरोबर मातीही येते, बारीक माती, पालापाचोळा, वर्षानुवर्षं. त्यामुळे माथ्यावर टिचभर माती आणि खोबणीत कंबरभर अशी वाटणी होते, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा मुद्दा इथेच आहे. पाणी चार दिवसांत वाहून जातं, पण पाण्याने आणून टाकलेली माती कायमची तिथे राहते आणि दर वर्षी पाणी धरून ठेवते.

ढोबळ हिशेब करून बघा. आपल्या तांबड्या मातीत मीटरभर खोलीला झाडाला ओढून घेता येईल असं पाणी साधारण १०० मिलिमीटर धरा. कोरड्या दिवसांत ऊन आणि झाडं मिळून रोजचे चार-पाच मिलिमीटर उडवतात. म्हणजे सड्यावरच्या वीतभर मातीत जे वीसेक मिलिमीटर असेल ते आठवड्याच्या आत संपलं. मीटरभर मातीत तीन-साडेतीन आठवडे. आणि जिथे मुळांना तीन-चार मीटर खाली जायला वाव आहे तिथे झाड हात आखडून का होईना, पुढच्या मृगापर्यंत पोचतं. काजू आपल्या उतारांवर तग धरतो तो याच जोरावर, त्याची मुळं जांभ्याच्या भेगांतून कुठवर जातात ते कापलेल्या डोंगराच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. शेजारचं गवत मात्र नोव्हेंबरातच पिवळं पडतं, ते बिचारं वरच्या विताच्या भरवशावर.

हे आकाराचं गणित शास्त्रज्ञांनी सूत्रात बसवलंय. १९७९ साली कीथ बेव्हन आणि माइक कर्कबी या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी एक निर्देशांक मांडला, जमिनीच्या एखाद्या ठिकाणी वरून किती क्षेत्राचं पाणी येतं याला तिथल्या उताराने भागायचं आणि त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा. वरचं क्षेत्र मोठं आणि उतार मंद, तर आकडा मोठा, म्हणजे जागा ओली राहण्याची शक्यता जास्त. वरून काही येत नाही आणि उतारही तीव्र, तर आकडा लहान. आज उपग्रहाच्या उंचीच्या नकाशावरून कॉम्प्युटर हा आकडा काही मिनिटांत सगळ्या खोऱ्यासाठी काढून देतो. मी जेव्हा पहिल्यांदा असा नकाशा बघितला, निळ्या शिरा फुटलेल्या, तेव्हा मला त्यात आमच्याकडची कुळागरं, म्हणजे व्हाळाकाठच्या पोफळीच्या बागा, दिसायला लागली. जिथे निळी शीर जाड होते तिथे कुळागर असायलाच पाहिजे, आणि असतंच. जुन्या लोकांनी हे नुसतं चालून चालून, पाय भिजवून काढलं होतं.

पण हे सूत्र सगळीकडे सगळ्या वेळी चालत नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ तारावारा नावाचं एक छोटं गायरान आहे, साधारण दहा हेक्टरचं. तिथे रॉजर ग्रेसन, अँड्र्यू वेस्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतली ओल ठिकठिकाणी मोजली, वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत, आणि १९९७ मध्ये जे मांडलं ते असं की हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या ओल्या दिवसांत, ओलीचा नकाशा जमिनीच्या आकाराशी छान जुळतो, खोबणी ओल्या, सोंडा कोरड्या. आणि उन्हाळा आला की तो नकाशा विस्कटतो, ओल कुठेही कमी, कुठेही जास्त, आकाराशी तिचा फारसा संबंध उरत नाही. कारण मातीत पाणी आडवं वाहायला माती पुरेशी भिजलेली लागते. माती एका मर्यादेखाली सुकली की पाण्याच्या वाटा तुटतात, कणाकणाला चिकटलेलं पाणी उताराकडे जात नाही, ते फक्त वर उडतं नाहीतर मुळांमध्ये जातं. मग प्रत्येक जागा आपल्यापुरती, तिथली माती किती खोल, किती चिकण, वर सावली आहे का, कोणतं झाड उभं आहे, एवढंच चालतं.

म्हणजे कोरड्या दिवसांत आकार गप्प होतो. त्याने आपलं काम आधीच केलेलं असतं, पावसाळ्यात पाणी वाटून आणि त्याच्या आधीची हजारो वर्षं माती वाटून.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे, जांभ्याचा. आपला सडा वरून टणक दिसतो पण तो भोकाभोकांचा, भेगांचा, पावसाचं बरंच पाणी आत घेणारा. खाली गेलं की पांढरट-पिवळट चिकण मातीचा थर लागतो, विहीर खणणाऱ्यांना तो बरोबर माहीत असतो. त्यातून पाणी सहज खाली उतरत नाही, मग ते थराच्या वरून आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला जिथे हा थर उघडा पडतो तिथून झर म्हणून बाहेर येतं. म्हणून आपल्याकडे झरी बहुतेक वेळा डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर कुशीत असतात, माथ्यावर नाही. ऑगस्टात सड्यात मुरलेलं पाणी फेब्रुवारीत खाली पोफळीला मिळतं. तारावाराच्या गायरानात उन्हाळ्यात वाटा तुटतात, आपल्याकडे वरची माती पार वाळून गेली तरी आतून खालची वाट चालूच राहते, सगळीकडे नाही, पण जिथे सडा मोठा आणि अखंड आहे तिथे नक्की.

सत्तरी तालुक्यात आमच्या ओळखीचे एक आजोबा होते, त्यांचं कुळागर व्हाळाच्या दोन्ही काठांनी पसरलेलं. कॉलेजात असताना मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही वर सड्यावर काहीच का लावत नाही, एवढी जागा मोकळी पडलीय. ते हसले आणि म्हणाले, "सड्यार न्हंय बाय, सकयल पळय." वर नको, खाली बघ. मग त्यांनी पाट दाखवला, झरीचं पाणी अडवून उताराला आडवा काढलेला, इतका मंद की पाणी चालतंय की थांबलंय ते कळू नये, आणि पाटातून एकेका पातळीवर सोडलेलं, वरच्या टप्प्याला पोफळी, त्यावर मिरीचे वेल, मधे केळी, खाली माड. त्यांच्या दृष्टीने वरचा सडा मोकळा नव्हताच, तो त्यांच्या पोफळीचाच भाग होता.

आपल्याकडच्या भातजमिनींची जुनी वाटणीही ओलीवरूनच पडलीय. उंचावरची मोरड, फक्त पावसावरची, भात कापलं की संपलं. तिच्याखाली खेर, जिथे पाण्याची पातळी जवळ असते आणि वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातही घेता येतं. आणि अगदी खाली खाऱ्या पाण्याच्या शेजारची खाजनं, बांध आणि मानशींनी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांनी, समुद्राशी वाटाघाटी करून ठेवलेली. एकाच गावात वरून खाली चालत गेलं की या पायऱ्या पायाला कळतात. १९३५ मध्ये जेफ्री मिल्न नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत काम करताना दाखवलं होतं की उतारावरच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या मात्या वेगवेगळ्या असल्या तरी त्या एकमेकींत अडकलेल्या असतात, एक समजायला दुसरी बघावी लागते. आमच्या गावकारांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. भात कापल्यावर शेतात आळसांदे, म्हणजे चवळी, टाकतात, पाणी न देता, नुसत्या उरलेल्या ओलीवर, पण ते कोणत्या शेतात टाकायचे आणि कोणत्या शेतात टाकायचेच नाहीत, हे घरातल्या बायका शेताच्या उंचीवरून सांगतात. माती हातात घेऊन दाबून बघतात, वाफसा कधी येतो यावर लक्ष ठेवतात, आणि सखल शेतात तो उशिरा येतो म्हणून तिकडची पेरणी मागे ठेवतात.

एक गोष्ट मात्र मला बऱ्याच उशिरा लक्षात आली, उन्हाच्या दिशेची. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्या डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. उत्तरेकडे असतो तो बहुतेक काळ ढगांचा. म्हणजे खऱ्या कोरड्या दिवसांत, ऑक्टोबर ते एप्रिल, ऊन दक्षिणेकडूनच येतं. वीस अंशांचा उतार धरला तर डिसेंबरच्या भर दुपारी उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला दक्षिणेकडच्या उताराच्या जवळपास निम्मंच थेट ऊन मिळतं. एवढा फरक! म्हणून एकाच डोंगराच्या दोन बाजू जानेवारीत वेगळ्या दिसतात, एकीकडे पानं अजून लवलवीत, दुसरीकडे पाचोळा. पश्चिमेकडची बाजू त्याहून वेगळी, तिला दुपारनंतरचं ऊन, हवा सगळ्यात तापलेली आणि कोरडी असतानाचं. पुढच्या हिवाळ्यात चोर्ल्याच्या घाटातून गेलात तर खिडकीतून एवढं एकच बघा, कोणत्या बाजूचा उतार किती हिरवा आहे.

माझी मावशी आटपाडीकडे दिली, त्यामुळे माणदेश मला नकाशावरून नाही, सुट्टीतून माहीत आहे. तिकडे वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आमच्याकडे जुलैच्या एका महिन्यात त्याहून जास्त पडतो. पण मावशीच्या सासऱ्यांबरोबर शिवारात फिरताना मला वाटायचं की हे तेच आहे, फक्त आवाज वेगळा. माळावर टिचभर मुरमाड माती, तिथे पावसाळ्यात बाजरी, ओढ्याकडे उतरत गेलं की माती काळी आणि खोल होत जाते आणि तिथे परतीच्या पावसावर पेरलेला शाळू, जो पुढे पाण्याचा थेंब न देता नुसत्या ओलीवर कणसात येतो. माथ्यावरून वाहून आलेली बारीक माती हजारो वर्षं खाली साठली म्हणून हा शाळू. पाणलोटाचं काम करणारे तिकडे 'माथा ते पायथा' म्हणतात, आधी वरचं पाणी अडवा, मग खालचं, आणि नगरकडच्या हिवरेबाजारसारख्या गावाने ते करून दाखवलं, चारशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात विहिरींना पाणी आणलं, डोंगरावर सलग समतल चर खणून.

त्याहूनही कोरड्या जागी तर आकार म्हणजेच शेती. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात अव्दात नावाचं प्राचीन गाव आहे, नबातियन लोकांचं, पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास. तिथे त्या काळी शेती व्हायची, ती कशी हे बघायला मिखाएल एवेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी जुनी शेतं परत उभी केली. हिशेब असा, शेत एक एकर असेल तर त्याच्यासाठी वीस-तीस एकर खडकाळ उतार राखलेला, त्यावर काही लावायचं नाही, तिथलं पाणी फक्त खाली आणायचं. खडक पाणी पीत नाही, म्हणून थोड्याशा सरीतही तो पाणी सोडतो आणि पहिली खोल माती जिथे लागते तिथे ते मुरतं. वाचताना मला सड्यावरच्या त्या मातीच्या खळग्या आठवल्या, चारी बाजूंनी उघडा जांभा आणि मधे परडीएवढी माती, तिथे आमच्याकडे पावसाळ्यात तवशी, दोडकी, चिबूड लावतात आणि चवथीच्या आधी ते बाजारात येतात. खडकाचं पाणी मातीला. नेगेवमधे शंभर मिलिमीटर, पेडण्यात तीन हजार, युक्ती तीच.

आता मला ज्याची काळजी वाटते ते बोलते. गेल्या काही वर्षांत गोव्यात जमीन म्हटलं की पहिलं काम सपाट करणं. जेसीबी येतो, सोंड कापतो, तीच माती खोबणीत भरतो, दोन दिवसांत उंचवटाही गेला आणि खळगाही गेला. नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमात डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं या दोन्हीवर एकत्रच बंधन आहे, आणि ज्याने कोणी हे दोन शब्द शेजारी ठेवले त्याला मी मनापासून मानते, कारण त्या दोन गोष्टी खरोखर एकच आहेत. पण लोक विचार करतात तो फक्त दरडींचा आणि पुराचा. ओलीचं नुकसान दिसत नाही, ते हळू होतं. सड्यावर काँक्रीट पडलं की मुरणारं पाणी गटारात जातं, आणि खालच्या झरीला त्याचा हिशेब त्याच वर्षी लागेल असं नाही, पण लागतो. ज्याची पोफळ सुकते त्याला वर काय झालं ते जोडून बघता येत नाही, कारण मधे गावाची हद्द असते, सर्व्हे नंबर वेगळा असतो, मालक वेगळा असतो. पाणी सर्व्हे नंबर बघून चालत नाही. पर्यावरण अहवालात सड्याला 'पडीक' लिहिलेलं वाचलं की मला राग येतो, खरंच राग येतो, कारण त्या एका शब्दाने खालचं सगळं कुळागर हिशेबातून बाहेर पडतं.

आमच्या वाट्याला काजूचा एक उतार आलाय, फार मोठा नाही, वरचा भाग फुगीर आणि खडकाळ, मधे सरळ, खाली एक छोटी खोबण. यंदा तिथे काम काढायचं ठरवलंय. हिवरेबाजारसारखे सलग चर जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत, आपल्या पावसात तीव्र उतारावर सलग चर भरले की खालच्या चिकण मातीवरून सगळा उतारच घसरण्याची भीती, म्हणून चर तुटक आणि एकाआड एक घ्यायचे, तेही फक्त मधल्या मंद भागात. जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेने काजूच्या उतारांवर चर आणि त्याच्या जोडीला गवताच्या, झुडपांच्या आडव्या ओळी यांवर काम केलेलं आहे, तेच बघून ओळींना वाळा लावणार आहे. प्रत्येक काजूच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा चर, काढलेली माती खालच्या अंगाला दाबून. पाचोळा जाळायचा नाही, तो चरातच टाकायचा. वरच्या फुगीर भागाला हात लावायचा नाही, तिथलं गवत आणि करवंदं आहेत तशी राहतील. खोबणीत चार फणस आणि कडेने थोडी मिरी, पण फणस लावायच्या आधी एप्रिलमधे तिथे हातभर खड्डा काढून बघणार आहे की ओल किती खोलीवर लागते, आणि तसाच एक खड्डा मधल्या उतारावर, म्हणजे दोन्हीतला फरक कळेल आणि कुठे काय लावायचं ते त्यावरून ठरवता येईल.